वर्गाबाहेरचं स्पॅनिश: रोजच्या कामांत भाषा कशी मुरवायची

वर्गात व्याकरण कळतं, सराव चाचणीत गुणही मिळतात, पण समोर स्पॅनिश बोलणारा माणूस आला की क्रियापदाचं रूप काही ओठांवर येत नाही. वर्गात आपण रूपं ओळखायला शिकतो, ती ऐनवेळी आठवायला शिकत नाही, हे त्याचं कारण. तक्त्यातलं 'तेंगो, तिएनेस, तिएने' वाचून समजणं वेगळं आणि किल्ल्या सापडत नसताना 'नो तेंगो लास याबेस' हे आपसूक तोंडातून निघणं वेगळं. हे दुसरं फक्त वापराने जमतं. त्यासाठी निराळा वेळ काढायचीही गरज नाही. जी कामं तुम्ही रोज करताच, त्यांतच भाषा मिसळायची.

आणखी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. मराठी माणूस स्पॅनिश शिकताना बहुतेक वेळा इंग्रजीच्या पुलावरून जातो, कारण पुस्तकं आणि अॅप इंग्रजीतून असतात. पण स्पॅनिशच्या कितीतरी लकबी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत. मनात वाक्य जुळवताना थेट मराठीतून गेलात तर निम्मी अडखळ कमी होते.

या लेखात स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत आणि उच्चार लॅटिन अमेरिकेतल्या सर्वसाधारण बोलीचे धरले आहेत. तुम्ही मात्र शब्द मूळ स्पेलिंगसकटच शिका. स्पॅनिश लेखन इतकं नियमित आहे की नियम एकदा बसले की कधी न ऐकलेला शब्दही बरोबर वाचता येतो.

तोंडाची तयारी

स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. प, त, क म्हणताना हवेचा झोत सोडायचा नाही, तेही आपल्याला आयतंच येतं. स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. तरीही इंग्रजीची सवय आड येते आणि 'तोमाते'चं 'टोमाटे' होतं. ट आणि ड हे वर्ण स्पॅनिशपुरते विसरून जा, एवढ्यानेच उच्चार कितीतरी सुधारतो.

खरी अडचण आघाताची आहे. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावर सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये 'आब्लो'तल्या आ वर जोर दिला तर अर्थ 'मी बोलतो', आणि ब्लो वर दिला तर 'तो बोलला'. 'एस्ता'चंही तसंच: पहिल्या अक्षरावर जोर असेल तर 'ही', शेवटच्यावर असेल तर 'आहे'. नियम छोटा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर. बाकी कुठलंही व्यंजन असेल तर शेवटच्या अक्षरावर. या नियमाला अपवाद असेल तिथे स्वरावर तिरकी रेघ दिलेली असते. ती रेघ शोभेची नाही. नवा शब्द लिहून घेताना ती गाळली तर चुकीचा उच्चार पाठ होतो आणि नंतर तो मोडायला दुप्पट वेळ लागतो.

दोन 'र' असतात. एकटा र म्हणजे आपला साधा र. दुहेरी र मात्र जिभेचं टोक दोन-तीनदा थरथरवून काढायचा: 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. शब्दाच्या सुरुवातीचा र, तसंच न, ल, स यांच्या पुढचा र, एकच लिहिलेला असला तरी थरथरतो. गाडीच्या इंजिनाची नक्कल करणारी लहान मुलं जो 'र्रर्र' काढतात, तोच हा. तो लगेच जमला नाही तर त्यापायी बोलणं अडवून ठेवू नका.

फोनची भाषा बदलताना

हा सल्ला सगळेच देतात, पण त्यातले खड्डे कोणी सांगत नाही. भाषा बदलण्याआधी परतीची वाट कागदावर लिहून ठेवा. आयफोनवर ती 'आहुस्तेस' किंवा 'कोन्फिगुरासियोन', मग 'हेनेराल', मग 'इदिओमा इ रेहियोन' अशी असते. अँड्रॉइडवर साधारणपणे 'आहुस्तेस', 'सिस्तेमा', 'इदिओमास'. बँक, दवाखाना आणि सरकारी कामाची अॅप आपल्या नेहमीच्या भाषेतच ठेवा. न वाचता 'आसेप्तार' म्हणजे 'मान्य' दाबून बसणं तिथे महागात पडतं. सगळा फोन बदलायचा नसेल तर एकेका अॅपची भाषा वेगळी ठेवता येते. आयफोनवर ही सोय आयओएस 13 पासून आहे, अँड्रॉइडवर आवृत्ती 13 पासून.

फोनमधले शब्द दोन आठवड्यांत पाठ होतात आणि मग डोळा ते वाचतच नाही, जागेवरूनच ओळखतो. तिथून पुढे फायदा थांबतो. म्हणून रोज एक बटण पकडा आणि त्याचं वाक्य करा. 'ग्वार्दार' म्हणजे जपून ठेवणे. 'ग्वार्दो ला फोतो', मी फोटो जपून ठेवते. 'बोर्रार' पुसणे, 'एम्बियार' पाठवणे, 'बुस्कार' शोधणे, 'देस्कार्गार' उतरवून घेणे. बटणावर मूळ धातू आहे, त्याचं रूप तुम्ही करायचं.

नकाशाच्या अॅपचा आवाज स्पॅनिश करणं आम्हाला जास्त मोलाचं वाटतं, कारण तिथे ऐकलं की लगेच वागायचं असतं. पण ओळखीच्या रस्त्यावरच करा. 'आ ला देरेचा' म्हणजे उजवीकडे, आणि लॅटिन अमेरिकेत 'देरेचो' म्हणजे सरळ. शेवटच्या एका स्वराचा हा फरक गाडी चालवताना हमखास निसटतो. स्पेनमध्ये सरळसाठी 'तोदो रेक्तो' म्हणतात, तिथे हा घोळ होत नाही.

स्वतःशी बोलणं

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक सराव हाच, आणि लाजेपोटी सगळ्यांत जास्त टाळला जाणाराही हाच. हात कामात आणि डोकं मोकळं अशी दिवसातली दोन कामं निवडा: भांडी घासणं, कपड्यांच्या घड्या घालणं, चालणं. दर वेळी पाच मिनिटं, आवाज काढून. मनातल्या मनात बोललेलं चालत नाही, कारण मन अडलेला शब्द गुपचूप गाळून पुढे सरकतं.

सुरुवातीला तीन साचे पुरतात. आत्ता चाललंय ते: 'एस्तोय लाबांदो लोस प्लातोस', मी भांडी घासतेय. आता करणार ते: 'बोय आ सालीर', मी बाहेर जाणार आहे. नुकतंच झालं ते: 'आकाबो दे येगार', मी आत्ताच पोचले. एकच काम तिन्ही साच्यांतून फिरवा. पहिल्या साच्यात मराठी माणूस एक ठरावीक चूक करतो. आपण 'मी उद्या निघतोय' म्हणतो, पण स्पॅनिशमध्ये 'एस्तोय' हे रूप उद्यासाठी वापरत नाहीत. तिथे साधा वर्तमानकाळ येतो: 'साल्गो मान्याना'.

शब्द अडला की लगेच कोशाकडे धावू नका. आधी वळसा घालून सांगा: 'एस उना कोसा के सीर्बे पारा…', म्हणजे 'ही एक वस्तू आहे, तिचा उपयोग…'. काम आटोपल्यावर अडलेल्या शब्दांपैकी फक्त तीन शोधा. वीस शोधले तर एकही राहत नाही. मधल्या टप्प्यावर पोचलात की रेआल आकादेमिया एस्पान्योला या 1713 साली स्थापन झालेल्या संस्थेचा कोश वापरा. तो इंटरनेटवर मोफत आहे, अर्थ स्पॅनिशमध्येच देतो आणि क्रियापदाची सगळी रूपंही दाखवतो.

आता मराठीचा जवळचा रस्ता पाहू.

'मे गुस्ता एस्ते लिब्रो' म्हणजे शब्दशः मला आवडतं हे पुस्तक. अनेक पुस्तकं असतील तर 'मे गुस्तान एस्तोस लिब्रोस', मला ही पुस्तकं आवडतात. आवडणारा माणूस 'मला'मध्ये आणि क्रियापद पुस्तकाप्रमाणे, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून येणाऱ्यांची इथे दमछाक होते. तुमची व्हायचं काहीच कारण नाही.

'से मे कायो एल बासो': ग्लास माझ्या हातून पडला. मुद्दाम पाडला नाही, हे आपण 'हातून'ने सांगतो आणि स्पॅनिश 'से मे'ने. 'से मे रोम्पियो', माझ्या हातून फुटलं. 'से मे ओल्बिदो', माझ्या लक्षातून गेलं. घरात काही सांडलं, तुटलं, विसरलं की लगेच 'से मे' म्हणायची सवय लावा. रोज दोन-चार संधी सहज मिळतात.

'बेओ ला कासा', मी घर पाहते. 'बेओ आ आना', मी आनाला पाहते. निर्जीव कर्माला काही लागत नाही, माणसाला 'आ' लागतो. हा आपला 'ला' प्रत्ययच आहे, फक्त नामाच्या आधी येऊन बसलेला.

भूतकाळाची दोन रूपं हा मोठा बाऊ करून शिकवला जाणारा भाग. 'मी खेळलो' आणि 'मी लहानपणी खेळायचो' यांतला फरक तुम्हाला कळतो ना? मग 'हुगे' आणि 'हुगाबा' यांतला फरकही कळतो. जुना फोटो समोर दिसला की त्यावर 'करायचो, जायचो, राहायचो' अशी चार वाक्यं स्पॅनिशमध्ये म्हणा. पण एक सावधगिरी हवी. 'पाऊस पडत होता' यासाठीही स्पॅनिश हेच 'हुगाबा' प्रकारचं रूप वापरू शकतं, म्हणजे त्याची व्याप्ती '-यचो'पेक्षा मोठी आहे.

जिथे मराठी फसवते, त्या जागाही नीट ओळखून ठेवा. दारावर कोणी हाक मारली तर आपण 'आलो!' म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'या बोय', म्हणजे 'जातोच'. येण्याचं क्रियापद तिथे बोलणाऱ्याच्या दिशेनेच चालतं. घरात कोणी हाक मारील तेव्हा 'या बोय' म्हणायचं ठरवून टाका, आठवड्यात अंगवळणी पडेल. तसंच, आपल्याला भूक लागते, झोप येते, थंडी वाजते. स्पॅनिश या सगळ्यांसाठी 'तेंगो' हे एकच क्रियापद वापरते: 'तेंगो आम्ब्रे', 'तेंगो सुएन्यो', 'तेंगो फ्रीओ'. लिंगाचंही असंच आहे. विशेषण नामाप्रमाणे बदलतं ही कल्पना आपल्याला जन्मजात आहे, पण आपलं लिंग नकळत तिकडे नेलं जातं. हात पुल्लिंगी, 'ला मानो' स्त्रीलिंगी. नाम कधीही एकटं लिहू नका, त्याच्या 'एल' किंवा 'ला'सकट लिहा.

आकडे

मराठीतले शंभर आकडे एकेक करून पाठ केलेल्या माणसाला स्पॅनिश आकडे म्हणजे विश्रांती आहे. एकतीसपासून पुढे 'त्रेइंता इ उनो', तीस आणि एक, असंच चालतं. तरी ऐकताना गडबड होते, कारण सराव क्रमाने केलेला असतो आणि जगात आकडे क्रमाने येत नाहीत. वाहनांच्या पाट्या, फोन नंबर, बिलाची रक्कम, घड्याळ, जे दिसेल ते मोठ्याने वाचा. 'सेसेंता' साठ आणि 'सेतेंता' सत्तर यांत मुद्दाम फरक करून म्हणा. पाचशे, सातशे आणि नऊशे नियमाबाहेर आहेत: 'किनिएन्तोस', 'सेतेसिएन्तोस', 'नोबेसिएन्तोस'. सन दोन-दोन आकड्यांत तोडत नाहीत, 1985 पूर्ण वाचतात: मील नोबेसिएन्तोस ओचेंता इ सिंको. आणि बातम्या ऐकताना लक्षात ठेवा, 'मील मियोनेस' म्हणजे शंभर कोटी, तर 'बियोन' म्हणजे लाख कोटी.

कान तयार करणं

वाचलं तर कळतं, ऐकलं तर कळत नाही, ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते. वेगाला दोष दिला जातो, पण बऱ्याचदा दोष संधीचा असतो. विद्या आणि आलय मिळून विद्यालय होतं, तसं स्पॅनिश बोलण्यात शब्दाशब्दांमध्ये सतत होत असतं, फक्त लेखनात ते दिसत नाही. 'बा आ आब्लार' तीन शब्द लिहिले जातात, ऐकू येतं 'बाब्लार'. 'एस्ता आकी' होतं 'एस्ताकी'. 'उन आमीगो' होतं 'उ-नामीगो', 'लोस ओत्रोस' होतं 'लो-सोत्रोस'. कान 'आमीगो' शोधत बसतो आणि 'नामीगो' ओळखीचा वाटत नाही.

यावर उपाय म्हणजे छोटा तुकडा आणि खूप आवर्तनं. तासभर काहीतरी मागे चालू ठेवण्यापेक्षा हे पंधरा मिनिटांचं काम कितीतरी पटींनी फळतं:

1. लिखित संहिता उपलब्ध असलेला ध्वनी निवडा आणि त्यातली फक्त 20 ते 30 सेकंद घ्या. 'रादिओ आंबुलांते' या पॉडकास्टच्या भागांची संहिता त्यांच्या संकेतस्थळावर मिळते, पण तो मधल्या टप्प्यापुढच्यांसाठी आहे. नवशिक्यांनी पाठ्यपुस्तकासोबतचे संवादच घ्यावेत.
2. संहिता न पाहता तीनदा ऐका.
3. थांबवत थांबवत ऐकू येईल ते लिहा. कळलं नाही तिथे रिकामी जागा सोडा.
4. संहितेशी ताडून पाहा आणि प्रत्येक चुकीवर खूण करा: शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून ऐकू आला नाही?
5. दुसऱ्या प्रकारच्या जागा पाच-पाच वेळा ऐका आणि जसं ऐकू येतं तसंच, जोडून, म्हणा.
6. शेवटी ध्वनीच्या सोबत, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, पूर्ण तुकडा बोला.

चौथी पायरी गाळू नका. खुणा बहुतेक पहिल्या प्रकारच्या असतील तर तुकडा तुमच्यासाठी कठीण आहे, सोपा घ्या. दुसऱ्या प्रकारच्या असतील तर तुकडा अगदी योग्य आहे. वेग कमी करायचाच तर 0.75 च्या खाली जाऊ नका, त्याखाली संधी तुटून उच्चार खोटा वाटू लागतो.

मालिका पाहताना आवाज स्पॅनिश आणि खालची ओळही स्पॅनिश ठेवा. दोन्ही जुळत नाहीत असं वाटलं तर तुमचं चुकत नाहीये. दुसऱ्या भाषेतून डब केलेल्या कार्यक्रमात आवाजाचं आणि खालच्या ओळींचं भाषांतर बहुधा वेगवेगळं झालेलं असतं. म्हणून मुळात स्पॅनिशमध्ये तयार झालेलं पाहा आणि श्रवणदोष असणाऱ्यांसाठीची उपशीर्षकं निवडा. ती बोललेल्या शब्दांच्या जास्त जवळ असतात.

स्पॅनिश 20 देशांची राजभाषा आहे आणि उच्चार सगळीकडे सारखे नाहीत. स्पेनच्या बऱ्याच भागांत ज्याला इथे 'स' लिहिलंय त्यातला काही भाग जीभ दातांमध्ये ठेवून म्हणतात. कॅरिबियन बोलीत अक्षराच्या शेवटचा स विरून जातो. अर्जेंटिनात 'य'चा 'श' होतो आणि 'तू तिएनेस'ऐवजी 'बोस तेनेस' म्हणतात. बोलण्यासाठी एकच बोली धरा, ऐकण्यासाठी पहिल्या वर्षानंतर सगळ्या घ्या. 'कोहेर' हे क्रियापद स्पेनमध्ये 'घेणे' या साध्या अर्थाने दिवसभर वापरतात, पण मेक्सिको आणि अर्जेंटिनात ते अश्लील आहे. 'तोमार' वापरलं की कुठेच अडत नाही.

माणसांशी

हॅलोटॉक, टँडेम यांसारख्या अॅपवर भाषेची देवाणघेवाण करणारे जोडीदार मिळतात. पहिल्याच संदेशात वेळ आणि पद्धत ठरवा: तीस मिनिटं, पंधरा त्यांच्या भाषेत, पंधरा तुमच्या, घड्याळ लावून. घड्याळ नसेल तर ज्याची भाषा जास्त पक्की तिच्याकडे गप्पा घसरतात. तसं झालंच तर 'सेगीमोस एन एस्पान्योल?', म्हणजे 'स्पॅनिशमध्येच पुढे बोलू या का?', एवढं विचारा, लोक आनंदाने परत येतात. पैसे किंवा खासगी फोटो मागणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा.

दुरुस्तीचंही आधी ठरवा. प्रत्येक वाक्याला टोकलं तर बोलणं मरतं, मुळीच टोकलं नाही तर चूक घट्ट होते. जी चूक तीनदा झाली तीच शेवटच्या तीन मिनिटांत सांगायची, हा तोडगा बरा चालतो.

गप्प बसून शब्द शोधू नका, शोधताना आवाज करा. आपण 'म्हणजे', 'बघू', 'त्याचं असं आहे की' म्हणतो, त्यांची जागा 'ओ सेआ', 'आ बेर' आणि 'एस के' घेतात. शब्द आठवत नसेल तर 'नो मे साले ला पालाब्रा' म्हणा. शब्दशः, शब्द बाहेर येत नाहीये. समोरचा मदतीला येतो.

'तू' आणि आदरार्थी 'उस्तेद' यांतली निवड आपल्याला अवघड वाटत नाही, पण 'उस्तेद'सोबत क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. समोरच्याच माणसाला 'साहेब काय म्हणतात?' असं विचारावं तसं. हा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा' यातूनच घडलाय. अनेकांना उद्देशून बोलताना लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस' एवढंच पुरतं. स्पेनमध्ये मित्रांसाठी 'बोसोत्रोस' वेगळं आहे.

लिहिणं आणि ताडून पाहणं

झोपण्याआधी पाच ओळी लिहा. दिवसभरात जे स्वतःशी बोललात त्यातलंच लिहा, नवे विषय शोधू नका. फोनवर स्पॅनिश कळफलक टाका आणि 'n' हे अक्षर दाबून धरून त्यावरची लाट काढायला शिका. ती लाट विसरली तर 'तेंगो त्रेइंता आन्योस' (मला तीस वर्षं झाली) या वाक्यातल्या 'आन्योस'चं 'आनोस' होतं, आणि तो शब्द गुदद्वाराचं अनेकवचन आहे.

उच्चार तपासायला फोनचं बोलून लिहायचं बटण स्पॅनिश करा. पूर्ण वाक्य बोललात तर यंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं आणि चूक झाकली जाते. म्हणून सुटे, जोडीचे शब्द म्हणा: पेरो, पेर्रो, सेसेंता, सेतेंता, आब्लो दोन्ही आघातांनी. दहापैकी आठ बरोबर उमटेपर्यंत तीच जोडी.

शब्दांसाठी अंकीसारखं उजळणीचं अॅप वापरत असाल तर दिवसाला पाचच नवे टाका आणि सुट्या शब्दाऐवजी आपण स्वतः बोललेलं वाक्य टाका. दिवसाला वीस टाकणाऱ्यांच्या महिन्याभरात शे-दीडशे उजळण्या तुंबतात आणि अॅपच उघडणं बंद होतं. तुंबलंच तर नवे थांबवा, जुने रोज तीस करा, पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दोन मिनिटं काहीही न वाचता बोला आणि ध्वनिमुद्रण तारखेच्या नावाने ठेवा. लगेच ऐकू नका, चार आठवड्यांनी ऐका. ऐकताना तीनच गोष्टी मोजा: किती वेळा तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलात, किती वेळा क्रियापदाचं रूप स्वतःच दुरुस्त केलंत, आणि कुठलं क्रियापद चुकवण्यासाठी वाक्यच बदललंत. तिसऱ्या मोजणीत जे क्रियापद सापडेल, तेच पुढच्या आठवड्यात भांडी घासताना घ्या.